कन्सोलचा भाव आणि देशोदेशीची आवड

गेमिंग कन्सोलच्या धंद्यात खरी कमाई यंत्रावर नसते. यंत्र बेताच्या भावात, प्रसंगी तोटा सोसूनही घराघरात पोचवायचे आणि पुढे गेम, जादा कंट्रोलर आणि वर्गणी यांतून पैसा वसूल करायचा, असे बहुतेक कंपन्यांचे गणित असते. म्हणूनच बाजारात उतरतानाची किंमत निर्णायक ठरते.

मे 1995 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई3 प्रदर्शनात सेगाने आपल्या सॅटर्नची किंमत 399 डॉलर सांगितली. त्यानंतर सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘299’ एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. अमेरिकेत प्लेस्टेशनने सॅटर्नला डोके वर काढू दिले नाही. जपानमध्ये मात्र ‘व्हर्चुआ फायटर’ने आर्केडमध्ये आधीच वेड लावले होते आणि घरी तो खेळायचा तर सॅटर्नच हवे होते. जगभर विकल्या गेलेल्या सॅटर्नपैकी निम्म्याहून अधिक एकट्या जपानमध्ये खपली.

नुसत्या स्वस्ताईने बाजार मिळत नाही, हे मायक्रोसॉफ्टने त्याच देशात अनुभवले. 2005 च्या डिसेंबरात एक्सबॉक्स 360 तिथे 37,900 येनला आला. वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन 3 चे साधे मॉडेलही 49,980 येनचे होते. अमेरिकेत एक्सबॉक्सने आघाडी घेतली. जपानमध्ये त्याचा एकूण खप सुमारे 16 लाखांवर थांबला, तर प्लेस्टेशन 3 एक कोटीच्या घरात गेला. एक्सबॉक्सची भिस्त ‘हेलो’सारख्या नेमबाजीच्या खेळांवर होती आणि जपानी खेळाडूंचा ओढा वेगळ्या खेळांकडे होता.

भाव आणि आवड जुळली की चित्र पालटते. निन्टेन्डोचा 3डीएस फेब्रुवारी 2011 मध्ये 25,000 येनला आला आणि मागणी लवकरच थंडावली. ऑगस्टमध्ये किंमत थेट 15,000 वर आणली गेली. डिसेंबरात चौघांनी मिळून शिकार करण्याचा जपानचा लाडका ‘मॉन्स्टर हंटर’ त्यावर आला आणि खपाने वेग घेतला.

काही देशांत किंमत कंपनीपेक्षा सरकारच्या हाती असते. अमेरिकेत 399 डॉलरचा प्लेस्टेशन 4 ब्राझीलमध्ये 2013 साली 3,999 रेआल, म्हणजे चौपटीहून महाग पडला. आयात शुल्क आणि करांचे ओझे त्यात होते. याच भिंतीआड टेकटॉय या स्थानिक कंपनीने 1989 पासून सेगाचे मास्टर सिस्टिम देशातच बनवून विकले. ‘वंडर बॉय’ मालिकेतल्या खेळाचा नायक काढून तिथे मोनिका ही ब्राझिलियन चित्रकथांतली दांडगी मुलगी बसवली. जगाने निवृत्त केलेले ते यंत्र ब्राझीलमध्ये दशकानुदशके विकले गेले. भारतात 1990 च्या दशकात असाच जम निन्टेन्डोच्या स्वस्त नकलांनी बसवला. ‘कॅसेट’ घालून ‘मारिओ’ आणि ‘काँट्रा’ खेळलेल्या अनेकांनी मूळ यंत्र कधी पाहिलेही नाही.

आता एकाच यंत्राचे देशागणिक वेगळे भाव कंपन्या स्वतःच आखतात. जून 2025 मध्ये निन्टेन्डो स्विच 2 जपानमध्ये दोन रूपांत आला: फक्त जपानी भाषेत चालणारा 49,980 येनला आणि बहुभाषी 69,980 येनला. येन घसरलेला असताना स्थानिक ग्राहकाला परवडावे, पण स्वस्त माल परदेशी जाऊ नये, यासाठी भाषेचेच कुंपण घातले गेले.