किडीची ओळख पटविणारी घरगुती प्रकाशपेटी

पिकावरील किडीचा बंदोबस्त करावयाचा म्हणजे प्रथम ती कीड कोणती, हे निश्चित ठाऊक असावयास हवे. ओळख चुकली की औषध चुकते. औषध चुकले की पैसा व वेळ वाया जातो, आणि तोवर किडीने पिकाचा बराच भाग फस्त केलेला असतो. पूर्वी शेतकरी रोगट पान अथवा अळी डबीत घालून तालुक्याच्या गावी येत असे. आज तो मोबाइलवर छायाचित्र काढतो व क्षणात आपल्या गावच्या कृषी कर्मचाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञाकडे पाठवितो. केंद्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीतही छायाचित्र पाठवून कीड ओळखण्याची सोय आहे. सोय उत्तम आहे. परंतु ज्या खुणेवरून कीड ओळखावयाची ती खूणच छायाचित्रात उमटली नसेल, तर पाहणारा कितीही जाणकार असला तरी त्याचा इलाज चालत नाही.

या बाबतीत स्वतःचाच अनुभव सांगणे उचित होईल. २०१९ च्या खरिपात मी काही दिवस रजेवर मुंबईस नायगाव येथे घरी होतो. आजोबा गिरणीत कामास आले तेव्हापासून तेथील बी. डी. डी. चाळीत आमचे बिऱ्हाड. शेती मात्र सातारा जिल्ह्यात, चुलते पाहतात. त्यांनी मक्यावरील एका अळीचे छायाचित्र पाठविले. ते भर दुपारच्या उन्हात, तळहातावर अळी ठेवून काढलेले होते. अळीची पाठ काचेच्या मण्यासारखी चकाकत होती आणि डोके सावलीत काळे पडले होते. मी तिला खोडकिडा समजलो व तसा सल्ला दिला. चार दिवसांनी गावाकडील एका सहकाऱ्याने प्रत्यक्ष अळी पाहिली, तेव्हा ती अमेरिकन लष्करी अळी असल्याचे कळले. २०१८ साली ही अळी आपल्या देशात प्रथम आढळली होती. मधल्या चार दिवसांत ती पोंग्यात खोल शिरली होती व अर्ध्या एकराचे पोंगे कुरतडले गेले होते. छायाचित्र सदोष होते हे खरे; पण खूण दिसत नसतानाही सल्ला देण्याची घाई माझी होती.

त्याच आठवड्यात चाळीखालच्या वाण्याकडून एक रिकामे खोके आणून मी पहिली प्रकाशपेटी तयार केली. आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. तीत ही पेटी मावली व उपयोगी पडली, तेव्हा कोणत्याही शेतघरात वा ग्रामपंचायतीच्या कचेरीत ती करता येईल यात शंका नाही.

उन्हात छायाचित्र का बिघडते?

सूर्य अथवा उघडा दिवा यांचा प्रकाश लहानशा ठिकाणाहून एकाच दिशेने येतो. त्यामुळे वस्तूच्या एका अंगास झगझगीत चकाकी व दुसऱ्या अंगास गडद सावली पडते. अळीची ओलसर त्वचा, पानावरील मेणचट थर, भुंगेऱ्याचे कठीण पंख यांवर ही चकाकी विशेष उमटते व खालचा रंग झाकून टाकते. मोबाइलचा फ्लॅश लावल्यानेही हेच घडते. उलट, आभाळ पातळ ढगांनी झाकलेले असेल त्या दिवशी उजेड सर्व बाजूंनी येतो, सावल्या मऊ होतात व बारीक खुणा स्पष्ट दिसतात. प्रकाशपेटी म्हणजे असे ढगाळ आभाळ खोक्यात आणण्याची युक्ती होय. दिव्याचा उजेड पातळ कागदातून गाळून घेतला म्हणजे तो सर्व कागदभर पसरतो आणि कागद हाच मोठा दिवा बनतो.

साहित्य

सुमारे सव्वा फूट लांब, रुंद व उंच असे पुठ्ठ्याचे खोके. ट्रेसिंग कागद किंवा बटर पेपर (न मिळाल्यास धुतलेले पातळ पांढरे सुती कापड). चकाकी नसलेला पांढरा कार्डशीट कागद एक मोठा ताव. धारदार चाकू, पट्टी, खळ किंवा चिकटपट्टी. एकाच प्रकारचे नऊ वॅटचे दोन पांढरे एलईडी दिवे. दिवे घरातीलच वापरल्यास बाकीचा खर्च अगदी किरकोळ येतो.

कृती

१. खोके आडवे ठेवून त्याचे उघडे तोंड आपल्याकडे करावे. डाव्या, उजव्या व वरच्या बाजूस कडेने दीड इंच पुठ्ठा राखून मधला भाग खिडकीसारखा कापून काढावा. तळ व पाठ शाबूत ठेवावी.

२. तिन्ही खिडक्यांवर बाहेरून ट्रेसिंग कागद ताणून चिकटवावा. सुरकुत्या राहू देऊ नयेत. उजेड फार प्रखर वाटल्यास कागदाचा दुसरा पदर द्यावा.

३. पेटीच्या आतील रुंदीइतका व सुमारे दोन फूट लांबीचा पांढऱ्या कार्डशीटचा पट्टा कापावा. त्याचे एक टोक पाठीच्या वरच्या कडेस चिकटवून दुसरे टोक तळावरून पुढे आणावे. मागील कोपऱ्यात घडी न घालता घसरगुंडीसारखा बाक ठेवावा, म्हणजे वस्तूच्या मागे आडवी रेघ दिसत नाही.

४. डाव्या व उजव्या खिडकीबाहेर कागदापासून सुमारे अर्ध्या फुटावर एकेक दिवा ठेवावा. छायाचित्र काढताना खोलीतील इतर दिवे मालवावेत. निरनिराळ्या रंगांचा उजेड मिसळला तर पानाचा खरा रंग बदलून दिसतो, आणि पिवळेपणावरून अन्नद्रव्याची उणीव ओळखावयाची असेल तेव्हा ही चूक महागात पडते.

वीज नसेल तर दिवसा पेटी दारात अथवा खिडकीत, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवावी. एका बाजूने दिवसाचा उजेड येऊ द्यावा व समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा, म्हणजे उजेड परतून सावली उजळते. शेतातच काम भागवावयाचे असल्यास खाद्यतेलाच्या पाच लिटरच्या दुधी रंगाच्या कॅनचा तळ कापून टाकावा. झाकण काढून तो कीड असलेल्या पानावर उपडा घालावा व वरच्या तोंडातून छायाचित्र घ्यावे. मात्र कीटकनाशकाचा रिकामा कॅन या कामी कदापि वापरू नये.

छायाचित्र कसे घ्यावे?

मोबाइलची भिंग स्वच्छ मऊ कापडाने पुसावी. मोबाइल हातात न धरता दोन विटांच्या अथवा पुस्तकांच्या आधाराने उभा करावा व तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हात हलून चित्र पुसट होत नाही. मोबाइल वस्तूच्या फार जवळ नेल्यास चित्र धूसर येते. वीतभर अंतर ठेवून दुप्पट मोठे करून घेणे बरे. पडद्यावर नेमके अळीवर बोट टेकवावे. पांढऱ्या कागदामुळे चित्र काळसर येण्याचा संभव असतो. अशा वेळी उजेडाची खूण किंचित वर सरकवावी.

पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांसारखी पांढरी कीड पांढऱ्या कागदावर दिसणार नाही. तिच्यासाठी काळा किंवा निळा कागद अंथरावा. पानावरील गाठी, अंडीपुंज किंवा केसाळ अळी यांचा उठाव दाखवावयाचा असल्यास एक दिवा मालवून त्या बाजूस पांढरा पुठ्ठा ठेवावा. सावली अजिबात नाहीशी केली तर उंचवटाही नाहीसा होतो. वस्तूशेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी नेहमी ठेवावी, कारण चित्रावरून आकाराचा अंदाज येत नाही.

अळी वळवळत असेल तर झाकणाच्या कोरड्या डबीत घालून पाच-दहा मिनिटे थंड जागी ठेवावी, म्हणजे ती मंदावते. केसाळ अळीस उघड्या हाताने स्पर्श करू नये; कुंचला किंवा चिमटा वापरावा.

कोणत्या खुणा दिसल्या पाहिजेत?

अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण असते व शेपटाकडून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. म्हणून डोक्याचे एक व पाठीचे वरून घेतलेले एक, अशी दोन छायाचित्रे हवीत. लहान अळीत या खुणा स्पष्ट नसतात. तेव्हा पानावरील खरवडलेले पारदर्शक चट्टे, पोंग्यातून उलगडलेल्या पानांवरील छिद्रे व पोंग्यातील भुशासारखी विष्ठा यांचीही छायाचित्रे जोडावीत. कोणत्याही किडीबाबत संपूर्ण झाड, बाधित भाग व जवळून कीड, असा क्रम ठेवावा. सोबत गाव, पीक, पेरणीची तारीख व यापूर्वी केलेली फवारणी लिहावी. व्हॉट्सॲपवरून पाठविताना छायाचित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे. अन्यथा ते आकुंचित होऊन बारीक ठिपके पुसले जातात.

दक्षता

पेटी कागदाची असल्याने जुने तारेचे दिवे किंवा हॅलोजन तिच्याजवळ लावू नयेत. त्यांच्या उष्णतेने कागद पेट घेऊ शकतो व अळीही मरते. काम संपताच कीड मोकळी सोडू नये. तसेच पेटीतील चित्र कितीही चांगले आले तरी शेतातील पाहणीची जागा ते घेऊ शकत नाही. एका अळीवरून फवारणी ठरवू नये. किती झाडांवर प्रादुर्भाव आहे हे मोजून मगच निर्णय घ्यावा.

आमच्या नायगावापासून जवळच दादरचा दादासाहेब फाळके मार्ग आहे. फाळके यांनी पुढे दादर येथे 'राजा हरिश्चंद्र' तयार केला व तो १९१३ साली प्रदर्शित झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा मांडला होता. महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेऊन त्यांनी 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट तयार केला. वस्तू साधी, पण कॅमेरा स्थिर व नेम रोजचा, यामुळे बियाचा वेल होताना लोकांस पाहता आला. आपणही पेटीतील वस्तूची व मोबाइलची जागा खडूने आखून ठेवावी. एकाच झाडाचे खूण केलेले पान झाडावरच राखून त्याच्यामागे पांढरा कागद धरावा व दर दोन दिवसांनी त्याच अंतरावरून चित्र घ्यावे. रोग वाढतो आहे की उपाय लागू पडला आहे, हे मग अंदाजाने सांगावे लागणार नाही.

गेल्या वर्षी चुलत्यांनी पुन्हा एका अळीचे छायाचित्र पाठविले. ते त्यांनी खोक्यात काढलेले होते, शेजारी पट्टी होती. चार ठिपके मोजता येत होते. अळ्या लहान असतानाच उपाय झाला व पोंगे वाचले. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एकेक पेटी आपापल्या गावी करून ठेवावी, शेतकरी बंधु-भगिनींस ती हाताळू द्यावी, आणि खूण दिसत नसेल तेव्हा अंदाजाने औषध न सांगता दुसरे छायाचित्र मागवावे, अशी विनंती आहे.