तुटणारे कपलिंग

हौसेने घरी वाफेचे छोटे टर्बाइन बनविणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. चक्र झकास फिरते. पण डायनॅमो जोडला, की दोन शाफ्टना सांधणारे कपलिंग थोड्याच वेळात तुटते. मग अधिक जाड कपलिंग बसविले जाते. ते टिकलेच, तर बेअरिंगचा बळी जातो. दोष कपलिंगचा नसतोच. ते बिचारे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगत असते.

तुटलेला तुकडा फेकू नये. तोच खरा साक्षीदार. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा रेषा त्याच्या भंगावर दिसल्या, तर धातू एकाएकी तुटलेला नाही. प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकून तो थकला आहे, असे समजावे. म्हणजे दोन्ही शाफ्ट एका रेषेत नाहीत. ते थंड असताना जुळविले, एवढ्यानेही भागत नाही. आसाची उंची १०० मिलिमीटर असेल आणि टर्बाइनचा पोलादी आधार १०० अंश सेल्सिअसने तापला, तर आस सुमारे ०.१२ मिलिमीटर वर उचलला जातो. डायनॅमो मात्र थंडच असतो. म्हणून यंत्र तापल्यावर, वाफ बंद करून, जुळणी पुन्हा तपासावी.

दुसरा अपराधी असमतोल. एका बाजूने आवळलेला लहानसा स्क्रू कपलिंगला मध्यापासून ढळवितो. मिनिटाला २०,000 फेऱ्यांच्या वेगात, मध्यापासून २ सेंटिमीटरवर राहिलेला एक ग्रॅम जादा भार सुमारे ९ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने शाफ्टला बाहेर खेचतो. आणि हा ओढा फेऱ्यागणिक दिशा बदलतो!

स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने १८८९च्या सुमारास याला वेगळेच उत्तर दिले. त्याने शाफ्ट जाड न करता बारीक व लवचिक केला. धोक्याचा वेग ओलांडला, की चक्र आपल्या गुरुत्वमध्याभोवती आपोआप स्थिरावते. वेग उतरविण्याचे काम त्याने दातेरी चक्रांवर सोपविले.

कपलिंग तुटणे ही केवळ गैरसोय नव्हे. भार सुटताच टर्बाइन उधळते. वेग दीडपट झाला, तर चक्रातील ताण सव्वादोनपट होतो, आणि चक्राच्या ठिकऱ्या उडू शकतात. यास्तव वेगमर्यादा ओलांडताच वाफ तोडणारी झडप आधी बसवावी, चक्राभोवती जाड पोलादी कवच असावे, आणि चाचणीच्या वेळी चक्राच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. कौतुकाने पाहणारी घरची मुले तर नाहीच नाही.