होमरूल चळवळ, महाराष्ट्रातील

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) ब्रिटिश साम्राज्यांतर्गत स्वराज्याच्या मागणीसाठी लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली झालेली राजकीय चळवळ. ‘होमरूल’ ही संज्ञा आयर्लंडमधील चळवळीवरून घेण्यात आली. साम्राज्य युद्धात गुंतले असता पराधीन राष्ट्राने त्यास साहाय्य करावे की त्याच्या अडचणीचा लाभ घ्यावा, हा प्रश्न त्या वेळी पोलंडप्रमाणे भारतापुढेही होता. साहाय्य आणि हक्क यांची सांगड घालणे, हे टिळकांचे त्यावरील उत्तर होते.

स्थापना व विस्तार : मंडालेच्या कारावासातून जून १९१४ मध्ये सुटल्यानंतर टिळकांनी ऑगस्टमध्ये युद्धात सरकारला साहाय्य करण्याची भूमिका जाहीर केली. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष व न. चिं. केळकर चिटणीस झाले. सप्टेंबरमध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रास येथे स्वतंत्र लीग काढली. एप्रिल १९१७ पर्यंत टिळकांच्या लीगचे सुमारे १४,००० सभासद झाले.

युद्ध आणि कोकण : लीगच्या स्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी मेसोपोटेमियातील (इराक) कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडलेले ब्रिटिश-भारतीय सैन्य तुर्कांना शरण गेले. त्यातील सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. तत्कालीन रत्नागिरी जिल्हा हे या पलटणींच्या भरतीचे जुने क्षेत्र होय. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निर्मितीपूर्वी (१९८१) मालवण, देवगड व वेंगुर्ले हे तालुके त्यातच मोडत. त्यामुळे सैन्यभरती व तिचा मोबदला हा येथे केवळ सभामंडपातील वादाचा विषय नव्हता.

सरकारी धोरण : बेळगाव व अहमदनगर येथील भाषणांबद्दल जुलै १९१६ मध्ये टिळकांकडून २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये हा हुकूम रद्द केला. स्वराज्याची मागणी म्हणजे राजद्रोह नव्हे, ही समजूत त्यामुळे दृढ झाली. जून १९१७ मध्ये बेझंटबाईंना स्थानबद्ध केल्यावर चळवळीचा जोर वाढला. २० ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यू यांनी क्रमशः जबाबदार शासनपद्धती देण्याचे धोरण घोषित केले.

१० जून १९१८ रोजी मुंबई येथील युद्धपरिषदेत टिळकांनी साहाय्याच्या प्रश्नाबरोबर स्वराज्याचा प्रश्न उपस्थित करताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना रोखले, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. भारतीयांना सेनाधिकाऱ्यांच्या जागा देण्याचे आश्वासन मिळाल्यास महाराष्ट्रातून ५,००० सैनिक मिळवून देण्याची त्यांची तयारी होती. हमी म्हणून त्यांनी गांधीजींकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला होता. सरकारला सैनिक हवे होते. अट मान्य नव्हती.

मूल्यमापन : पोलंड रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया यांत विभागलेला होता. ही साम्राज्येच परस्परांशी लढत असल्याने पोलिश जनतेला आपल्याकडे वळविणे प्रत्येकास आवश्यक वाटले. पिलसुड्स्की यांची पथके प्रथम ऑस्ट्रियाच्या बाजूने लढली, तर द्मोव्स्की यांनी रशिया व मित्रराष्ट्रांवर भिस्त ठेवली. तिन्ही साम्राज्ये कोसळल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये पोलंड स्वतंत्र झाला. भारतावर एकच सत्ता होती आणि ती विजयी ठरली. त्यामुळे लीगच्या हाती सौदा करण्याचे साधन अपुरे होते. १९१९ मध्ये मर्यादित सुधारणांचा कायदा व दडपशाहीचा रौलट कायदा असे दोन्ही पदरी पडले. तथापि स्वराज्याची मागणी शहरी सुशिक्षितांपलीकडे पोहोचविण्याचे आणि पुढील जनआंदोलनांना कार्यकर्ते मिळवून देण्याचे श्रेय या चळवळीकडे जाते.