शिळ्या पावाचा मान

शिळ्या अन्नाचे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही एका देशाचा नाही. आपल्याकडे रात्री उरलेल्या पोळीचा सकाळी कुस्करा होतो, त्याला फोडणी मिळते, आणि घरातली मुले तो ताज्या पोळीहूनही आवडीने खातात. इटलीतील शेतकऱ्याने हाच प्रश्न आपल्या परीने सोडविला. त्याच्या उत्तराचे नाव ब्रुस्केत्ता. आज मोठमोठ्या उपाहारगृहांत जेवणाच्या आरंभी हा पदार्थ डौलाने मांडला जातो. परंतु त्याचे कुळ गरिबाघरचे आहे, हे ध्यानी ठेवले म्हणजे तो करण्याची रीतही सहज उमगते.

रोमच्या आसपासच्या बोलीत ‘ब्रुस्कारे’ म्हणजे निखाऱ्यांवर भाजणे. त्यावरून हे नाव पडले. नावात विस्तव आहे, टोमॅटोचा मात्र पत्ता नाही. टस्कनी प्रांतात याच पदार्थाला ‘फेत्तुंता’, म्हणजे तेल माखलेला काप, असे म्हणतात. तेथे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ऑलिव्हची फळे उतरवून त्यांचे तेल काढतात आणि नव्या तेलाची चव भाजलेल्या पावावर घेऊन पाहतात. पाव, लसूण, मीठ आणि तेल, एवढाच मूळचा संसार.

टोमॅटो या घरात फार उशिरा आला. हे फळ अमेरिका खंडातले. स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात युरोपात आणले. इटालियन लोकांनी त्याला ‘सोन्याचे फळ’ असे नाव दिले खरे, पण ते ताटात घ्यायला त्यांनी बराच काळ लावला. टोमॅटोच्या चटणीची कृती आपल्याला आंतोनियो लातिनी याच्या पाकशास्त्रावरील ग्रंथात आढळते, आणि तो ग्रंथ नेपल्स येथे निघाला १६९२ साली.

आता शिळ्या पावाविषयी. पाव वाळतो म्हणून शिळा होतो, अशी आपली समजूत असते. बूसिंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिले की, पावातील पाणी जराही उडू दिले नाही, तरी तो शिळा होतोच. भाजताना सैल झालेले पिष्टाचे कण थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचले जातात, हे त्याचे मुख्य कारण. पुन्हा उष्णता दिली की ती रचना मोडते आणि पाव आतून मऊ होतो. बाहेरून मात्र तांबूस व खुसखुशीत होतो. शिवाय कालच्या पावाचा गाभा घट्ट असल्याने तो भाज्यांचा रस पेलू शकतो. ताजा पाव त्या रसात लगेच लिबलिबीत होतो. म्हणजे शिळेपणा हाच येथे गुण ठरतो.

आम्हा कचेरीतल्या माणसांना प्रत्येक कामाचा क्रम ठरवून घेण्याची सवय असते. येथे तो क्रम खरोखरच महत्त्वाचा आहे. चार माणसांसाठी बोटभर जाडीचे आठ काप पुरेत. पाव कडक सालीचा हवा. मुंबईचा ब्रून किंवा गोव्याचा उंडो चालेल. अर्धा किलो पिकलेले टोमॅटो घेऊन बिया काढाव्यात, बारीक फोडी कराव्यात, मीठ लावून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवाव्यात. मीठ पाणी ओढून घेते आणि चव दाट होते. खाली साठलेले पाणी सारात घालावे. काकडी व ढोबळी मिरची यांच्या अगदी बारीक फोडी त्यात मिसळाव्यात. मग ऑलिव्हचे तेल, थोडी मिरपूड आणि हाताने तोडलेली सब्जाची पाने घालावीत. इटलीत वापरतात ती पाने याच सब्जाची. आपल्या तुळशीची ती बहीण होय.

नंतर काप जाळीवर दोन्ही बाजूंनी भाजावेत आणि गरम असतानाच त्यांवर सोललेल्या लसणाची पाकळी घासावी. भाजलेला खरखरीत पृष्ठभाग किसणीचे काम करतो. लसणाचा तिखटपणा त्याच्या पेशी फुटल्यावरच जन्मतो, म्हणून दोनतीन वेळा घासणे पुरे. भाज्या अगदी वाढतेवेळी पसराव्यात. अर्ध्या तासाने तोच पदार्थ ओला लगदा होतो.

ऋतूविषयी एक सूचना. इटलीत हा पदार्थ जून ते सप्टेंबरच्या उन्हाळ्यात रंगतो, कारण तेव्हा तेथील टोमॅटो झाडावर पिकतात. आपल्या मैदानी प्रदेशांत चांगले टोमॅटो हिवाळ्यात येतात. तेव्हा आपण पंचांग आपलेच पाहावे. टोमॅटो शीतकपाटातही ठेवू नयेत. थंडीने त्यांचा सुगंध मंदावतो.

शहरांतील घरांत आता पावाचा शेवटचा तुकडा सहज कचऱ्यात जातो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ज्याने तो पिकविला आणि भाजला, त्याच्या श्रमाचा हिशेब त्या तुकड्यातही असतो. इटलीच्या शेतकऱ्याला तो हिशेब ठाऊक होता; आपल्या आजीलाही होता. उद्या घरात पाव उरला, तर तो टाकण्यापूर्वी एकदा विस्तवावर धरून पाहावा.