शेततळ्यातील माशांच्या उवा व त्यांचा बंदोबस्त

शेततळ्यात साठविलेल्या पाण्यावर फळबाग जगवावी आणि त्याच पाण्यात रोहू, कटला व मृगळ वाढवून चार पैसे अधिक मिळवावेत, ही पद्धत आता आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलीच अंगवळणी पडली आहे. बोटुकली सोडल्यानंतर पहिले काही महिने सर्व ठीक चालते. पुढे एखाद्या दिवशी असे दिसू लागते की, मासे पेंडीवर पूर्वीसारखे तुटून पडत नाहीत, अधूनमधून पाण्याबाहेर उसळ्या घेतात, काठाच्या प्लॅस्टिकला किंवा पाइपाला अंग घासतात. पाहणाऱ्यास वाटते, मासे खेळत आहेत. वस्तुतः ते खाजेने हैराण झालेले असतात.

असा मासा जाळ्यात धरून उजेडात पाहावा. परांच्या मुळाशी, गालफडांच्या मागे व पोटाखाली मसुरीच्या डाळीएवढे चपटे, पारदर्शक, हिरवट रंगाचे प्राणी चिकटलेले दिसतील. बोटाने ढकलले असता ते खवल्यांवरून सरकतात. हीच माशांची ऊ होय. शास्त्रज्ञ तिला अरग्युलस म्हणतात. नाव उवेचे असले तरी ही कीटकवर्गातील नव्हे. कोळंबी व खेकडे यांच्या कुळातील आहे. तिच्या डोक्याच्या खालच्या बाजूस दोन वाटीसारखी चूषके असतात, त्यांच्या साहाय्याने ती माशास घट्ट धरते व सुईसारख्या अवयवाने त्वचा टोचून अंगरस शोषते. टोचलेल्या जागी तांबडे चट्टे पडतात, खवले गळतात आणि त्या जखमांत पुढे बुरशी व इतर रोगजंतू शिरतात. पुष्कळदा मासा उवांनी मरत नाही, तो या मागाहून आलेल्या रोगांनी मरतो. रोहूस हा उपद्रव विशेष होतो. मासे दाटीने सोडलेले असले आणि उन्हाळ्यात पाणी उतरलेले असले, म्हणजे तो फार लवकर फैलावतो.

उपाय करण्यापूर्वी या उवेची एक सवय नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मादी आपली अंडी माशाच्या अंगावर घालीत नाही. त्यासाठी ती मासा सोडून पोहत जाते व दगड, लाकूड, पाइप, पाणवनस्पतींची देठे अशा टणक वस्तूंवर अंडी ओळीने चिकटवून ठेवते. एका मादीची अंडी शेकड्यांनी असतात. आपल्याकडील उबदार पाण्यात ती साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत फुटतात. थंडीत अधिक दिवस लागतात. माशांच्या अंगावरील उवा मारणारी औषधे या अंड्यांवर सहसा लागू पडत नाहीत. म्हणून औषध टाकल्यावर आठ दिवस तळे स्वच्छ दिसते, शेतकरी निश्चिंत होतो, आणि महिन्याभरात उवा पुन्हा पहिल्याइतक्याच दिसू लागतात. मग औषध खोटे निघाले अशी तक्रार होते. औषध खोटे नसते; अंडी शिल्लक राहिलेली असतात.

तेव्हा अंड्यांचाच नाश करावा, आणि त्यास फारसा खर्चही नाही. हातभर लांबीच्या जुन्या लाकडी फळ्या अथवा चिरलेले बांबू दोरीने बांधून तळ्यात ठिकठिकाणी पाण्याखाली लटकवावेत. टेकण्यास सोयीची टणक जागा मिळाल्यामुळे माद्या त्यांवर अंडी घालतात. दर आठ दिवसांनी फळ्या बाहेर काढून दुसऱ्या लावाव्यात व काढलेल्या फळ्या खरवडून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. वाळली की अंडी मरतात. आठ दिवसांची पाळी मात्र चुकवू नये. फळ्या महिनाभर तशाच राहिल्या तर आपण उवांसाठी पाळणेच टांगले असे होईल. पाण्यात पडलेल्या फांद्या, फुटके पाइप, दगड हेही काढून टाकावेत. अस्तराचे प्लॅस्टिक हीसुद्धा उवेच्या दृष्टीने टणक जागाच आहे. पाणी उतरेल तसा उघडा पडणारा भाग कुंच्याने घासावा.

औषधाचा विषय नाजूक आहे. पूर्वी यासाठी गॅमेक्सिन वापरीत असत; त्यावर १९९७ साली बंदी आली. त्यानंतर पुष्कळ वर्षे डायक्लोरव्हॉस चालले. त्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कोणाच्या घरी जुनी बाटली उरली असेल तर ती तळ्यात ओतण्याचा मोह टाळावा. कपाशीवर फवारण्याची औषधे तर तळ्याच्या काठावरही नेऊ नयेत. त्यांपैकी काहींचा अंशही माशांना मारक ठरतो. कोणते औषध, किती प्रमाणात व किती वेळा, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातील अधिकाऱ्यांना बाधित मासा दाखवूनच ठरवावे. मासे विकण्यापूर्वी व ते पाणी जनावरांस पाजण्यापूर्वी किती दिवस थांबावे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

परंतु त्यांना आपल्या तळ्यात पाणी किती आहे हे सांगावे लागते, आणि चूक होते ती येथेच. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्याचे पाणी पुष्कळजण सरळ गुणाकाराने २,७०० घनमीटर धरतात. तळ्याच्या बाजू उतरत्या असतात हे ते विसरतात. एकास एक उतार असेल तर तळ २४ मीटर लांब व तेवढाच रुंद राहतो. हिशेब असा करावा : वरचे क्षेत्रफळ ९००, तळाचे ५७६ आणि निम्म्या खोलीवरच्या ७२९ क्षेत्रफळाची चौपट २,९१६, यांची बेरीज ४,३९२. तिला ६ ने भागून ३ मीटर खोलीने गुणिले असता २,१९६ घनमीटर येतात. हे तळे काठोकाठ भरलेले असतानाचे झाले. उन्हाळ्यात पाणी २ मीटरवर आले की याच रीतीने सुमारे १,३५५ घनमीटर भरतात. म्हणजे २,७०० च्या हिशेबाने टाकलेले औषध जवळजवळ दुप्पट पडेल, आणि उवांबरोबर मासेही जातील. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी टेप व खुणा केलेला बांबू घेऊन त्याच दिवशी मोजमाप करून द्यावे. शेतकऱ्याचा अंदाज मान्य करू नये.

ठरलेले औषधही प्रथम तळ्यातील पाण्याने भरलेल्या पिंपात त्याच प्रमाणात घालून त्यात आठ-दहा मासे एक दिवस ठेवून पाहावेत. ते तरतरीत राहिले तरच तळ्यात, भरपूर पाण्यात मिसळून, सकाळच्या उन्हात सर्वत्र शिंपडावे. ढगाळ दिवशी पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्या दिवशी हे काम करू नये. मागाहून फुटलेल्या पिलांसाठी पुढचा हप्ता केव्हा द्यावयाचा ती तारीख आधीच लिहून ठेवावी.

हा उपद्रव बहुधा बीजाबरोबर येतो. बोटुकली घेताना त्यांतील थोडी पांढऱ्या घमेल्यात घालून उजेडात पाहावीत. पिशवीतील पाणी तळ्यात ओतू नये. वेगळा हौद असल्यास नवे बीज दोन आठवडे त्यात ठेवावे. घरच्या काचेच्या टाकीतील सोनमासे मुले कौतुकाने तळ्यात सोडतात, तेही सोडू देऊ नयेत. ऊ दूरदूरच्या देशांत पोहोचली ती अशाच शोभेच्या माशांबरोबर. शेजाऱ्याचे जाळे आणल्यास वापरण्यापूर्वी ते उन्हात वाळवावे.

मासे काढून झाल्यावर तळे पूर्ण आटवावे, तळाचा गाळ काढावा व ऊन खाऊ द्यावे. मातीच्या तळ्यात हेक्टरी २५० किलो या हिशेबाने, म्हणजे वर सांगितलेल्या आकाराच्या तळ्यास २० ते २५ किलो, चुना पसरावा. अस्तराच्या तळ्यात सर्व प्लॅस्टिक घासून कोरडे करावे आणि खोल कोपऱ्यात राहिलेले डबकेही उपसून टाकावे. नवे पाणी भरल्यावर फळ्या पुन्हा टांगाव्यात आणि दर पंधरवड्यास दहा-पंधरा मासे जाळ्यात धरून परांची मुळे तपासावीत.