डोळ्यांतील भिंगाचें स्थानमाहात्म्य

घरांतील वडील माणसाचा मोतीबिंदु काढविला, पट्टी सुटली, समोरच्या तक्त्यावरील अक्षरें वाचतां आलीं, कीं आपलें कर्तव्य संपलें असें बहुतेक कुटुंबांत समजलें जातें. परंतु मोतीबिंदु काढणें हें या कामाचें अर्धेंच अंग होय. काढलेल्या नैसर्गिक भिंगाच्या जागीं जें कृत्रिम भिंग बसवितात, तें कोठें व कसें बसलें यावर पुढील दृष्टि पुष्कळशी अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतर "नीट दिसत नाहीं" म्हणणाऱ्या वृद्धास "आतां वय झालें" असें सांगून गप्प बसविण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं हा विषय थोडा समजून घ्यावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लिंगनाशावर शलाकेनें करावयाचा उपचार वर्णिलेला आहे, हें संस्कृतज्ञ वाचकांस ठाऊक असेलच. गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची रीत फ्रान्समध्यें झाक दाव्हिएल यानें इ. स. १७४७ मध्यें पाडली. तथापि रिकाम्या झालेल्या जागेचें काय करावें, हा प्रश्न पुढें दोनशें वर्षें तसाच राहिला. रुग्णाच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढे. त्यांतून वस्तु सुमारें पाव पटीनें मोठी दिसे, कडेचें दिसत नसे, आणि पायरीचा व उंबऱ्याचा अंदाज चुके.

दुसऱ्या महायुद्धांत विमानांच्या छताच्या पर्स्पेक्स नांवाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण कांहीं वैमानिकांच्या डोळ्यांत रुतून राहिले, तरी डोळ्यांनीं ते सोसले, हें इंग्लंडांतील डॉ. हॅरल्ड रिडली यांच्या लक्षांत आलें. २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांनीं त्या जातीच्या प्लॅस्टिकचें भिंग एका स्त्रीच्या डोळ्यांत बसविलें. भिंग डोळ्यास मानवलें. पण त्याची शक्ति फारच अधिक ठरून त्या बाईंस सुमारें १८ उणा नंबर आला. पुढें रिडली यांचीं कांहीं जड भिंगें जागेवरून ढळून डोळ्याच्या तळाशींहि गेलीं. किती शक्तीचें भिंग आणि कोणत्या जागीं, हे दोन प्रश्न या विद्येबरोबरच जन्मास आले, ते असे.

आपलें नैसर्गिक भिंग बाहुलीच्या मागें एका अतिपातळ पारदर्शक पिशवींत असतें व ही पिशवी चोहोंबाजूंनीं सूक्ष्म तंतूंनीं टांगलेली असते. हल्लींच्या शस्त्रक्रियेंत बहुधा तीन मिलिमीटरांच्या आंतील छेदांतून गढूळ गाभा फोडून ओढून घेतात, पिशवी राखतात आणि घडी घातलेलें कृत्रिम भिंग तींत उलगडतात. त्या पिशवींत, मधोमध व सपाट, हेंच भिंगाचें उत्तम स्थान.

या स्थानांत चार प्रकारें फरक पडूं शकतो. पहिला पुढेंमागें होण्याचा. भिंग एक मिलिमीटर पुढें आलें तर साधारणपणें एक ते दीड उणा नंबर येतो. मागें गेलें तर उलट. पिशवी फाटल्यास भिंग तिच्या पुढें ठेवावें लागतें. तेव्हां शस्त्रवैद्य बहुधा अर्ध्या ते एक नंबरानें कमी शक्तीचें भिंग घेतात. डोळ्याची लांबी आधीं मोजतां येते. परंतु भिंग किती खोल स्थिरावेल याचें अनुमानच करावें लागतें. म्हणून कुशल हातानंतरहि थोडा नंबर राहिला तर वैद्यास दोष देऊं नये.

दुसरा प्रकार बाजूस ढळण्याचा व तिसरा कलण्याचा. साध्या भिंगांत हे फरक अल्प असल्यास जाणवत नाहींत. फार झाल्यास दिव्याभोंवतीं वलयें दिसतात, एका वस्तूच्या दोन होतात. दूरचें व जवळचें दोन्ही दाखविणारीं महाग भिंगें मात्र थोडक्या ढळण्यानेंहि बिघडतात. चौथा प्रकार फिरण्याचा. तिरपा नंबर घालविणारें टोरिक भिंग एक अंश फिरलें तर त्याचा गुण शेंकडा सुमारें ३.३ नें घटतो आणि ३० अंश फिरलें तर सर्वच जातो. असें फिरणें बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच होतें, व भिंग पुन्हां वळवून बसवितां येतें.

कित्येक वर्षांनींहि भिंग पिशवीसकट खालीं सरकल्याचीं उदाहरणें आहेत. डोळ्यास पूर्वीं मार बसलेला असणें, फार मोठा उणा नंबर, तंतु मुळांतच दुबळे असणें, हीं त्याचीं कारणें होत. उलट, पिशवीचा मागचा पडदा गढूळ झाला असेल तर लेसर किरणांनीं कांहीं मिनिटांत काम होतें. रुग्ण दोन्ही वेळां एकच सांगतो, "धुरकट दिसतें." भेद तपासणीनेंच कळतो.

आमच्या वयाच्या मंडळींचा एक स्वभाव आम्हांस ठाऊक आहे. मुलांस खर्च नको, सुनांस त्रास नको, म्हणून ते सांगत नाहींत. आधीं रात्रीचें वाचन सुटतें, मग जिना टाळला जातो, मग पहाटे एकट्यानें देवळास जाणें बंद होतें. आणि घरास वाटतें, आजोबा विरक्त झाले! यास्तव कांहीं गोष्टी घरानेंच पाळाव्या. डोळ्यास पूर्वीं झालेली इजा वैद्यास आधींच सांगावी. भिंगाची शक्ति व जात लिहिलेलें कार्ड औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर जपून ठेवावें. डोळे चोळूं देऊं नयेत. महिन्यांतून एकदां एकेक डोळा तळहातानें झांकून दुसऱ्यानें वाचावयास लावावें; दोन्ही उघडे असतां चांगला डोळा वाईटाचें उणें झांकतो. दृष्टि एकाएकीं बदलली, विजेसारखे लखलखाट दिसूं लागले किंवा कडेनें पडदा आला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे न्यावें.

ज्यांनीं आपणांस बोट धरून अक्षर गिरवावयास शिकविलें, त्यांस अक्षर स्पष्ट दिसतें कीं नाहीं, हें आपण होऊन विचारणें कांहीं फार नव्हे.