एक किलोमीटरचे अंतर : हक्क की अडसर?

गुरुकुंज मोझरी : प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, हा निकष मुलांच्या सोयीसाठी ठरविण्यात आला होता. २०२४ मध्ये मात्र याच एक किलोमीटरचा आधार घेऊन राज्यातील गरीब मुलांसाठी खासगी शाळांची दारे बंद होण्याची वेळ आली. शैक्षणिक धोरणाची केवळ भाषा न पाहता त्याचा लाभ व झळ कोणाला, हे तपासणाऱ्या चिकित्सक अभ्यासपद्धतीचे महत्त्व या प्रकरणातून स्पष्ट होते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्यावयाच्या असून, शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करावयाची आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियमांत बदल केला. एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी या बदलास स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी तो रद्द ठरविला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला.

जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेवर खर्च कशाला, हा युक्तिवाद वरकरणी पटण्याजोगा वाटतो. परंतु बहुतेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावरच असते. तिवसा तालुक्यातील मोझरीसारख्या गावात ऐपतदार पालक शुल्क भरून हवी ती शाळा निवडू शकतो. नव्या नियमामुळे निवड हिरावली जाणार होती ती शेतमजुराच्या मुलाची. नियम सर्वांना समान असला, तरी त्याचा परिणाम समान नव्हता. समानता आणि समन्याय यांतील फरक तो हाच.

याच कसोटीवर २५ टक्क्यांची तरतूदही घासून पाहावी लागते. ती आठवीपर्यंतच मर्यादित आहे. मेळघाटातील ज्या दुर्गम गावांत खासगी शाळाच नाही, तेथे या जागांचा उपयोग नाही. तेथील बालकांसाठी समन्याय म्हणजे पुरेसे शिक्षक असलेली, चालू राहणारी जिल्हा परिषदेची शाळा. कमी पटसंख्येच्या शाळा बंद करताना केवळ खर्चाचा हिशेब मांडला, तर सर्वाधिक गरजू बालकच हिशेबाबाहेर राहते.

धोरणाची अशी उलटतपासणी महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, रयतेच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले होते. वरिष्ठांना दिलेले शिक्षण आपोआप खाली झिरपेल, हा समजही त्यांनी खोडून काढला होता.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ‘जीवन शिक्षण’ या विषयाला स्वतंत्र अध्याय दिला. गाव हाच त्यांच्या विचाराचा केंद्रबिंदू होता. शिक्षणाचे धोरण मंत्रालयात ठरत असले, तरी त्याची परीक्षा गावातील शेवटच्या घरातील मुलाच्या दप्तरापाशीच होते.